एक तासाचं पॅनेल, अडीच तासांचं औषध: सेप्सिसच्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या ट्रस्टच्या रुग्णालयातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी तिथल्या मायक्रोबायोलॉजी विभागात आहे, त्यामुळे ही हकीकत साहजिकच प्रयोगशाळेच्या बाजूने सांगितलेली आहे. शीर्षकातलं पॅनेल म्हणजे रक्तात वाढलेला जंतू कोणता आणि औषधांना न जुमानण्याची कोणती जनुकं त्याच्यात आहेत, हे सुमारे तासाभरात सांगणारी तपासणी.

रुग्ण सत्तावन्न वर्षांच्या बाई, घरची शेती, बरीच वर्षं मधुमेह. सुमारे सात आठवड्यांपूर्वी डाव्या मूत्रनलिकेत खडा अडकला म्हणून दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात त्यांना डीजे स्टेंट (मूत्रपिंडातून मूत्राशयापर्यंत लघवीला वाट देणारी बारीक नळी) बसवला होता. तो काढायला पुन्हा जायचं होतं, पण सोयाबीनची काढणी आली आणि तारीख पुढे गेली. मग थंडी वाजून ताप आला. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोन दिवस प्रतिजैविक म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिलं. प्लेटलेट ९२,००० निघाल्या तेव्हा घरच्यांच्या मनात डेंगी पक्का झाला. पावसाळा सरताना आपल्याकडे असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि त्यात एक दिवस गेला.

संध्याकाळी ६:५० ला त्या कॅज्युअल्टीत आल्या तेव्हा रक्तदाब ८४/५०, नाडी १२८, श्वास मिनिटाला २८. हाक मारली तर डोळे उघडत, पण उत्तर धड नव्हतं. लॅक्टेट (वाढलं तर ऊतींना रक्त कमी पडल्याची खूण) ४.८, क्रिएटिनिन (वाढलं तर मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण) २.३, साखर ३४०.

पहिला तास

सेप्सिसचा, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागल्याचा, संशय पहिल्या पाच मिनिटांतच आला. सेप्टिक शॉक, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब ढासळलेला, असेल तर प्रतिजैविक तासाभरात सुरू करावं, असं २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगते. त्या तासात ब्लड कल्चर (रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून त्यातला जंतू वाढवण्याची तपासणी) कसं घेतलं गेलं, यावर या रुग्णाचं पुढचं बरंच काही ठरलं.

रेसिडेंट डॉक्टरने दोन्ही हातांतून, वेगवेगळ्या ठिकाणी सुई घालून, दोन संच घेतले. प्रत्येक संचात एक एरोबिक (प्राणवायू असलेली) आणि एक प्राणवायूविना, म्हणजे अ‍ॅनारोबिक बाटली, आणि प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त. आपल्याकडे अजूनही एकच बाटली, तीही चार-पाच मिलिलिटरची, पाठवण्याची सवय जागोजागी आहे. कारण बहुतेक वेळा खर्चाचं असतं, कधी रुग्णाची शीर सापडत नाही हे असतं. पण प्रौढांच्या रक्तात जंतूंची संख्या अनेकदा मिलिलिटरला दहापेक्षाही कमी असते. रक्त कमी घेतलं तर पुढचं कितीही महागडं यंत्र बाटलीत नसलेला जंतू शोधून देऊ शकत नाही. इथे तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे दोन दिवस आधीच झाले होते, म्हणून रक्ताच्या प्रमाणाला आणखी महत्त्व होतं.

मेरोपेनेम या जोरदार प्रतिजैविकाचा पहिला डोस ७:३० ला गेला, म्हणजे आल्यापासून चाळीस मिनिटांत. किलोमागे ३० मिलिलिटरच्या हिशेबाने सलाइन सुरू होतं. रक्तदाब तरीही उचलेना, म्हणून नॉरअ‍ॅड्रेनलिन लावलं. मलेरिया, डेंगी आणि लेप्टोच्या तपासण्याही पाठवल्या. बाटलीवर चालणाऱ्या पॅनेलमध्ये यांतला एकही आजार दिसत नाही, त्यामुळे त्या वेगळ्या पाठवाव्याच लागतात. तिन्ही निगेटिव्ह आल्या.

बाटल्या ८:१० ला प्रयोगशाळेच्या यंत्रात लागल्या. बाटलीत जंतू वाढू लागला की हे यंत्र गजर करतं; यालाच आम्ही बाटली ‘पॉझिटिव्ह आली’ किंवा ‘वाजली’ म्हणतो. पूर्वी आमच्याकडे रात्रीच्या बाटल्या कॅज्युअल्टीच्या टेबलावर सकाळच्या खेपेची वाट पाहत पडून राहत. काही महिन्यांपूर्वी रात्रपाळीच्या वॉर्डबॉयने त्या लगेच खाली नेऊन टेक्निशियनच्या हातात द्यायच्या असा नियम केला. त्यासाठी एक रुपयाही लागला नाही. या प्रकरणात कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त तास या नियमाने वाचवले असं माझं ठाम मत आहे.

कोणते मार्ग समोर होते

तपासणीबाबत तीन पर्याय होते. पहिला नेहमीचा: बाटली पॉझिटिव्ह आली की ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), मग प्लेटवर वाढवणं, मग ओळख आणि सेन्सिटिव्हिटी (त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते तपासणं). यात बाटली वाजल्यापासून पूर्ण रिपोर्टपर्यंत साधारण दीड दिवस जातो. दुसरा पर्याय रक्तातूनच थेट पीसीआर (जंतूच्या डीएनएचा शोध) करण्याचा. तशी सोय आम्हाला मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत नमुना पाठवून मिळते, पण कुरिअर सकाळी निघतं. शिवाय थेट रक्तात जंतू इतके विरळ असतात की निगेटिव्ह निकालावर विसंबून औषध बदलता येत नाही. तिसरा पर्याय बाटली पॉझिटिव्ह आल्यावर तिच्यातल्या रक्तावर मल्टिप्लेक्स पीसीआर पॅनेल लावण्याचा. तोपर्यंत बाटलीत जंतू कोट्यवधींच्या संख्येत वाढलेले असतात, त्यामुळे निकाल भरवशाचा येतो. आमच्याकडे बायोफायरचं बीसीआयडी-२ पॅनेल आहे. त्यात जंतू, यीस्ट आणि प्रतिरोधाची दहा जनुकं मिळून ४३ लक्ष्यं एकाच पाऊचमध्ये तपासली जातात आणि निकाल सुमारे तासाभरात येतो. तिसरा मार्ग ठरला.

सुरुवातीच्या औषधाचा प्रश्न यापेक्षा अवघड होता. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमचा विचार लवकर मागे पडला. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेबसिएला या जंतूंच्या रक्तसंसर्गात ३० दिवसांतले मृत्यू त्या औषधावर १२.३ टक्के आणि मेरोपेनेमवर ३.७ टक्के होते, हे मेरिनो चाचणीने २०१८ मध्ये दाखवलं आहे. मग एकटं मेरोपेनेम द्यायचं, की मेरोपेनेमलाही दाद न देणारा जंतू गृहीत धरून पहिल्यापासूनच त्याच्या पलीकडचं औषध जोडायचं?

त्या रात्री फिजिशियनसमोर एवढीच माहिती होती: स्टेंट आहे, पूर्वी कुठेतरी ॲडमिट होत्या, कागद घरी आहेत. आधीच्या रुग्णालयात फोन केला, उचलला गेला नाही. असं पलीकडचं एक औषध म्हणजे कोलिस्टिन, पण ते मूत्रपिंडाला त्रास देतं आणि क्रिएटिनिन आधीच २.३ होतं. म्हणून मेरोपेनेम एकटंच सुरू ठेवायचं आणि बाटली वाजली की फेरविचार करायचा, असं ठरलं.

अडलेलं मूत्रपिंड

सोनोग्राफीत डावं मूत्रपिंड फुगलेलं दिसलं. साध्या सीटी स्कॅनमध्ये स्टेंटवर खड्यांचा थर बसून तो बंद झालेला होता. भूल देऊन स्टेंट बदलायचा, की त्वचेतून सुई घालून नळी टाकायची, यावर युरॉलॉजिस्टने दुसरा मार्ग निवडला. नॉरअ‍ॅड्रेनलिनवर असलेल्या रुग्णाला भूल देण्यापेक्षा खाटेवरच, जागा बधिर करून काम होत होतं. रात्री १०:४० ला नळी पडली आणि पू बाहेर आला.

हे ठळकपणे लिहायला हवं, कारण पॅनेलच्या कौतुकात हा भाग सहज झाकला जातो. पू आत कोंडलेला राहिला असता तर पहाटे कुठलंही जनुक सापडूनही उपयोग झाला नसता.

पहाटे ४:५०

यंत्रात लावल्यापासून ८ तास ४० मिनिटांनी पहिली बाटली वाजली. ती अ‍ॅनारोबिक होती. आणखी दोन सहाच्या आत वाजल्या. इतक्या लवकर आणि दोन्ही हातांच्या बाटल्या वाजल्या म्हणजे त्वचेवरच्या जंतूची भेसळ नाही, खरा आणि जोरदार संसर्ग आहे, हे तिथेच जवळपास नक्की झालं.

टेक्निशियनने ५:१५ पर्यंत ग्रॅम स्टेन पाहिला: ग्रॅम निगेटिव्ह दांडके. आयसीयूला फोन करून ऐकणाऱ्या डॉक्टरचं नाव वहीत लिहिलं. ग्रॅम स्टेनवाचून थेट पॅनेल लावण्याचा मोह काही ठिकाणी होतो. तो टाळावा. बाटलीच्या माध्यमातच कधी मेलेल्या जंतूंचा डीएनए असतो आणि पॅनेल तोही पकडतं. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं त्याच्याशी निकाल जुळतो का, हे पाहायला स्लाइड लागतेच.

आता पॅनेल लगेच लावायचं की सकाळी नऊपर्यंत थांबायचं? पाऊच महाग आहे. प्रत्येक पॉझिटिव्ह बाटलीला तो वापरणं आम्हाला परवडत नाही, आणि गरजेचंही नाही. पूर्वीच्या पद्धतीने हा निर्णय कामाच्या वेळेत आणि आमच्या सहीनेच होत असे. त्या रात्री टेक्निशियनने वाट न पाहता मला फोन केला. शॉक, ग्रॅम निगेटिव्ह आणि अंगात स्टेंट, या तिन्ही गोष्टी एकत्र असताना थांबायला कारण नव्हतं. ५:३० ला एकाच बाटलीतून पाऊच लागला. बाकीच्या दोन बाटल्यांच्या स्लाइडवरही तसेच दांडके होते, त्यामुळे त्यांच्यावर खर्च केला नाही.

६:४० ला निकाल आला. क्लेबसिएला न्यूमोनिए गट. प्रतिरोधाची जनुकं: सीटीएक्स-एम आहे, एनडीएम आहे, ऑक्सा-४८ सारखं आहे. केपीसी, आयएमपी, व्हीआयएम आणि एमसीआर-१ नाहीत.

जनुकांवरून औषधाकडे

असा निकाल नुसता फोनवर वाचून दाखवला तर आयसीयूतल्या थकलेल्या डॉक्टरच्या हाती फारसं काही लागत नाही. आम्ही अर्थासकट सांगितला.

एनडीएम असेल तर मेरोपेनेम चालणार नाही. भारतीय रुग्णालयांतल्या क्लेबसिएलात हे जनुक आता नवलाचं राहिलेलं नाही, आणि ऑक्सा-४८ सोबत असणंही नेहमीचं झालं आहे. सेफ्टाझिडीम-एव्हिबॅक्टम हे औषध ऑक्सा-४८ वाल्या जंतूवर चालतं, पण एनडीएमपुढे हरतं. अ‍ॅझट्रिओनामचं उलटं आहे: एनडीएम त्याला तोडू शकत नाही, पण सीटीएक्स-एम तोडतं. दोन्ही औषधं एकाच वेळी दिली तर एव्हिबॅक्टम सीटीएक्स-एम आणि ऑक्सा-४८ ला अडवून धरतं आणि अ‍ॅझट्रिओनाम आपलं काम करतं. एकाच वेळी देणं महत्त्वाचं आहे. एक सकाळी आणि दुसरं दुपारी दिलं तर जोडीचा उपयोग संपतो.

दुसरा पर्याय कोलिस्टिनचा होता. ते स्वस्त आणि हाताशी होतं, पण मूत्रपिंडाचा धोका मोठा, आणि त्याचा योग्य डोस बसवणं अवघड. अमेरिकेच्या सीएलएसआय या मानक संस्थेने तर २०२० पासून कोलिस्टिनसाठी ‘सेन्सिटिव्ह’ ही वर्गवारीच काढून टाकली आहे. टायगेसायक्लिनची रक्तातली आणि लघवीतली पातळी इतकी कमी राहते की इथे त्याचा विचार करण्यात अर्थ नव्हता. चौथा पर्याय सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट येईपर्यंत मेरोपेनेमवरच थांबण्याचा. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा डोस पहाटेही उतरत नव्हता आणि लॅक्टेट ४.१ होतं. तो पर्याय कुणीच उचलून धरला नाही. जोडी द्यायची ठरली.

औषध हाती येईपर्यंत

इथून पुढचा वेळ मला सर्वांत जास्त खटकतो. पॅनेलला तासभर लागला होता. औषधाला अडीच तास लागले.

सेफ्टाझिडीम-एव्हिबॅक्टम आमच्या औषध दुकानात होतं. अ‍ॅझट्रिओनाम नव्हतं. जवळच्या शहरातल्या एका होलसेलरकडे होतं, पण सकाळी दुकान उघडून घ्यायला माणूस हवा, आणायला गाडी हवी. आणि त्याआधी घरच्यांशी बोलायला हवं, कारण दोन्ही औषधं मिळून दिवसाचा खर्च पाच आकडी होता.

फिजिशियननी थोरल्या मुलाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं: जंतू कुठला आहे, आत्ताचं औषध का चालत नाही, नवं किती दिवस लागेल, आणि स्वस्त पर्यायात काय धोका आहे. मुलाने एवढंच विचारलं, “डॉक्टरसाहेब, आई तुमची असती तर काय केलं असतं?” फिजिशियन म्हणाले, “हेच दिलं असतं.” मग त्याने धाकट्याला फोन लावला आणि पैशांची सोय सुरू झाली. त्याच वेळी त्याने घरून मागवलेली पिशवी आली. त्यात आधीच्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड होतं. स्टेंटच्या वेळी तिथे त्यांना पाच दिवस मेरोपेनेम मिळालं होतं, असं त्यावर लिहिलेलं होतं.

मधल्या वेळात काय करायचं यावर मतभेद झाला. फिजिशियननी ७:१५ ला कोलिस्टिनचा एकच लोडिंग डोस दिला, ९० लाख युनिट. भूलतज्ज्ञांचं म्हणणं होतं की शरीरात गेल्यावर कोलिस्टिनचं सक्रिय रूप तयार व्हायलाच तास जातात, मग दोन तासांसाठी मूत्रपिंड पणाला का लावायचं? औषधशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होते. पण गाडी नक्की कधी येईल हे सव्वासात वाजता कुणालाच सांगता येत नव्हतं. शॉकमधल्या रुग्णाला निष्प्रभ औषधावर ठेवून गाडीची वाट पाहणं मला पटलं नसतं. दुसरा डोस दिला नाही.

जोडीचा पहिला डोस ९:१० ला सुरू झाला. क्रिएटिनिन वाढलेलं असूनही पहिले दोन दिवस पूर्ण डोस द्यायचा असं ठरलं. सेप्सिसमध्ये मूत्रपिंडाचा हा मार पुष्कळदा एक-दोन दिवसांत ओसरू लागतो. पहिल्याच दिवशी डोस कापला तर नेमकं गरजेच्या वेळी औषध कमी पडतं. एनडीएम कळताच त्यांना वेगळ्या क्युबिकलमध्ये हलवलं, हातमोजे-गाऊनची शिस्त लावली आणि शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांची स्वॅब तपासणी पाठवली. पॅनेलचा हा फायदा बिलात दिसत नाही, पण शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठी तो मोलाचा आहे.

पुढे काय झालं

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट आला: मेरोपेनेम आणि अमिकासिन दोन्ही रेझिस्टंट. जोडीतल्या दोन्ही औषधांच्या चकत्या एकाच नळीतल्या द्रवात भिजवून केलेल्या चाचणीत जंतू वाढला नाही, म्हणजे जोडी चालत होती. पुवातही तोच जंतू निघाला. तिसऱ्या दिवशी नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटलं. क्रिएटिनिन ३.१ पर्यंत चढून १.३ वर आलं, डायलिसिस लागलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतलेलं ब्लड कल्चर निगेटिव्ह राहिलं. जोडी दहा दिवस दिली. सोळाव्या दिवशी त्या नळीसह घरी गेल्या आणि स्टेंट व खडा नंतर ठरवून काढला.

यातलं श्रेय नेमकं कशाला किती, हे एका रुग्णावरून ठरत नाही. २०१५ साली अमेरिकेत सहाशेहून अधिक रुग्णांवर अशा पॅनेलची तुलनात्मक चाचणी झाली. मृत्यूंत फरक दिसला नाही. औषधं लवकर आटोपशीर (गरजेपुरती मर्यादित) झाली ती ज्या गटात निकालासोबत प्रतिजैविकांचा सल्लागार होता त्या गटात. नुसतं पॅनेल मिळालेल्या गटात तसं झालं नाही. आमचा अनुभव याला धरूनच आहे. इथे पॅनेलने निष्प्रभ मेरोपेनेमचा सुमारे दीड दिवस वाचवला. पण तो वाचला, कारण पहाटे फोन झाला आणि औषध बदलण्याचा अधिकार असलेला माणूस जागा होता.

काय वेगळं करता आलं असतं

रुग्ण दारात आल्यापासून योग्य औषध शिरेत जायला १४ तास २० मिनिटं लागली. त्यातली बरीचशी बाटलीत जंतू वाढण्याची होती आणि ती कमी करणं आपल्या हातात नाही. बाकीची होती.

गेल्या तीन महिन्यांत कुठे ॲडमिट होतात, तिथे कोणती इंजेक्शनं दिली, अंगात नळी किंवा स्टेंट आहे का: हे तीन प्रश्न आता कॅज्युअल्टीच्या कागदावर छापलेले आहेत, आणि जुने कागद घरी असतील तर त्यांचा फोटो लगेच मोबाइलवर मागवला जातो. त्या रात्री मुलाच्या मोबाइलवर ते कार्ड साडेसातला आलं असतं, तर माझ्या मते मेरोपेनेमच्या पलीकडचं औषध पहिल्या तासातच जोडायला पुरेसं कारण होतं. आमच्या बैठकीत सगळे याच्याशी सहमत झाले नाहीत. आधी मेरोपेनेम मिळालेल्या प्रत्येकाला ही जोडी दिली, तर काही वर्षांत तीही निकामी होईल, हा युरॉलॉजिस्टचा आक्षेप खरा आहे. तडजोड अशी ठरली की हे फक्त शॉक असेल तरच, आणि पॅनेलमध्ये एनडीएम नसेल तर त्याच सकाळी जोडी थांबवायची.

अ‍ॅझट्रिओनामचे एका रुग्णाला एक दिवस पुरतील एवढे व्हायल आता कायम ठेवले जातात. औषध दुकानाला पॅनेलच्या निकालानंतर नव्हे, ग्रॅम स्टेन झाल्याबरोबर कळवायचं. म्हणजे पॅनेल चालू असतानाच शोध सुरू होतो. आणि शॉक, ग्रॅम निगेटिव्ह आणि अंगात स्टेंट या तीन अटी जुळत असतील तर रात्रपाळीचा टेक्निशियन आता कुणालाही न विचारता पाऊच लावू शकतो.

उलट बाजूही या बैठकीत मांडावी लागली. प्रतिरोधाचं जनुक सापडलं तर औषध बदलायला ते पुरेसं आहे. सापडलं नाही, तर जंतू सेन्सिटिव्ह आहे असं म्हणता येत नाही. आपल्या आयसीयूंतल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरमध्ये मेरोपेनेम निकामी करणारं ऑक्सा-२३ या पॅनेलमध्ये नाहीच. त्या जंतूच्या रिपोर्टवर जनुकांचे रकाने कोरे दिसले म्हणून कुणी निर्धास्त झालं, तर पॅनेलने घात केला असं होईल. सुरुवातीच्या काळात असे फोन आम्हाला आले आहेत. आता अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि स्यूडोमोनासच्या प्रत्येक निकालाखाली आम्ही हे लेखी देतो.

पॅनेल नसेल तिथे

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या बहुतेक प्रयोगशाळांत असं पॅनेल नाही, आणि असलं तरी पाऊच संपतात. त्यासाठी दोन मार्ग आहेत. युरोपच्या युकास्ट या मानक संस्थेने २०१८ पासून दिलेल्या पद्धतीत पॉझिटिव्ह बाटलीतलं रक्त थेट प्लेटवर पसरून औषधांच्या चकत्या लावतात आणि चार, सहा, आठ तासांनी वाचतात. निकालाचा अर्थ लावायला जंतूची ओळख मात्र कळावी लागते. दुसरा मार्ग छोट्या कार्डाचा: एनडीएम, ऑक्सा-४८, केपीसी यांसारखी कार्बापेनेम (मेरोपेनेमच्या गटातली औषधं) तोडणारी विकरं त्यावर पंधरा-वीस मिनिटांत दिसतात. नेहमी ते प्लेटवरच्या वाढीतून करतात, त्यामुळे पॅनेलपेक्षा काही तास उशीर होतो, पण खर्च त्याच्या काही अंशच येतो. पाऊच संपलेल्या रात्री आम्ही हेच करतो: पहाटे बाटली वाजली की लगेच प्लेट लावायची, दुपारी कोवळ्या वाढीवर कार्ड करायचं, आणि निकाल फोनवर सांगून ऐकणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि वेळ वहीत लिहायची.